धर्माकाकांचा ड्रायर

कपडा वाळला की नाही हे धर्माकाका हाताने कधी बघत नसत. घडी उचलायची, गालाला लावायची, डोळे मिटायचे आणि थोडं थांबायचं. मग निकाल लागायचा. "नाय, अजून हाय पाणी." आपल्या बोटांना तोच कपडा खडखडीत वाळलेला लागायचा, तरी तो परत दोरीवर जायचाच. एकदा मी न राहवून विचारलं, "काका, बोटांना कळत नाही असं गालाला काय कळतं?"

त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे उघडून धरले. जाळी आणि दोर ओढून तळव्यांची कातडी जाड झाली होती, रेषासुद्धा नीट दिसत नव्हत्या. "ह्यांना काय इचारता मास्तर? हे जन्मभर पाण्यात. ह्यांना समदंच कोरडं लागतं."

डहाणूजवळ नरपडला मी राहायला आलो तेव्हा आमच्या खोलीची आणि त्यांच्या घराची भिंत एकच होती. मी तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवायला जायचो. सकाळी एसटी पकडायची आणि दुपार कलली की परत यायचं. काका तांडेल होते. म्हणजे बोटीचा म्होरक्या. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं हे तो सांगणार आणि बाकीचे खलाशी ऐकणार. इंजिनाच्या धडधडीवर आवाज काढायची सवय असल्यामुळे काकांना हळू बोलता येत नसे. त्यांनी आपल्या कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या चिखले गावापर्यंत ऐकू जाई. आमची ही तर म्हणायची, काकांच्या घरी आज काय शिजलंय ते मला विचारायला जावं लागत नाही.

घरात मात्र त्यांना ओलं खपायचं नाही. छत्री बाहेर, चपला बाहेर, पाय पुसल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायचं नाही. एकदा मी निथळता रेनकोट घालून त्यांच्या पडवीत चढलो, तर आतूनच गर्जना झाली, "बोटीवर आलात काय? उतरा खाली!" मी उतरलो. शाळेत मुलं माझं ऐकतात, पण त्या पडवीत मी दुसरीतला मुलगा व्हायचो.

हे कोरड्याचं वेड कुठून आलं ते मला किनाऱ्यावर गेल्यावर समजलं. बोट लागायच्या वेळेला बायका टोपल्या घेऊन वाळूत उभ्या असतात. बोट दिसली की सगळ्यांची नजर मासळीवर. हिराकाकी, म्हणजे काकांची बायको, तीसुद्धा टोपली घेऊन यायची, पण तिच्या काखेत आणखी एक गाठोडं असायचं. त्यात लुंगी, बनियन आणि पंचा, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. काका छातीएवढ्या पाण्यातून चालत यायचे आणि आधी ते गाठोडं घ्यायचे. वाळूत ओढून ठेवलेल्या एखाद्या बोटीच्या आडोशाला जाऊन कपडे बदलायचे. मग मासळी, मग भाव, मग भांडण. खलाशी त्यांची टर उडवायचे, "तांडेल, नवरदेवाचा पोशाख आला!" काका हसायचे. त्यांची पन्नाशी गेली, साठी आली, तरी काकीचं गाठोडं चुकलं नाही.

मुलीच्या लग्नावरून एकदा दोघांचं जोरात वाजलं. मुलगी मंजुळा हिला उंबरगावला द्यायची की नाही हा प्रश्न होता. काकांचं म्हणणं, लांब पडतं. काकीचं म्हणणं, पोरीला पसंत आहे तर तुमचं काय जातं. घरात अबोला. त्या दिवशी बोट किनाऱ्याला येत होती आणि सगळे खलाशी मासळी सोडून वाळूकडे बघत होते, की आज गाठोडं येतं का. काकी आली. पाण्याजवळ आलीच नाही. लांबूनच गाठोडं वाळूत भिरकावलं, पाठ फिरवली आणि चालू लागली. काकांनी ते उचललं, वाळू झटकली, लुंगी बाहेर काढून गालाला लावली आणि सगळा किनारा ऐकेल अशा आवाजात ओरडले, "कोरडं हाय!"

काकीने वळून पाहिलं नाही. पण तिचे खांदे हलायला लागले. हसत होती. मंजुळेचं लग्न उंबरगावलाच झालं.

ड्रायर त्यांच्या घरी आला तो काकीमुळे. घोलवडच्या एका चिकूवाडीतल्या म्हाताऱ्या शेठाणीकडे काकी वर्षानुवर्षं मासळी घालत होती. शेठाणी बंगला बंद करून मुलांकडे परदेशी निघाली तेव्हा तिने कपडे सुकवायचं यंत्र काकीला दिलं. "हिरा, पावसात तुला कामाला येईल." ते धूड टेम्पोतून आमच्या गल्लीत उतरलं तेव्हा अर्धं नरपड बघायला आलं होतं. समोर गोल दार, आत लोखंडी पिंप, बटण दाबलं की गरम हवा येऊन पिंप फिरायचं. काका दोन दिवस त्याच्याभोवती संशयाने फिरत होते. "कपडे फिरवून वाळवायचे? त्यांना काय चक्कर येत नाय?"

पण मनात त्यांचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला. बांबूवर टांगलेले बोंबील अर्धवट सुकलेले, वर ढग, आणि काकी उंबरगावला मुलीकडे गेलेली. काकांनी टोपलीभर बोंबील ड्रायरमध्ये घातले आणि बटण दाबलं.

आत काय झालं असेल ते सांगायला नको. बोंबील वाळले, मोडले, त्यांचा भुगा झाला आणि तो भुगा यंत्राच्या फटीफटीत जाऊन बसला. वास असा की आमच्या घरातली मांजर त्यांच्या पडवीतच राहायला गेली. काकी परत आली तेव्हा तिला गल्लीच्या वळणावरच कळलं. "माझ्या बंगल्याच्या मशिनीत बोंबील?" एवढंच बोलली आणि पदर खोचला. लिंबू, सोडा, साबण, जे मिळेल त्याने घासत बसली. पिंप लखलखीत झालं. वास मात्र पुरता गेला नाही. यंत्र तापलं की हळूच यायचा. पुढे घरात कुणी काही विसरलं, कुणाचं काही चुकलं, की काकी एकच शब्द टाकायची, "बोंबील!" आणि काका गप्प व्हायचे. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला गप्प करणारा तो एकच शब्द होता.

त्यानंतर ड्रायर जुनी चादर पांघरून पडवीच्या कोपऱ्यात पडून राहिला.

मग एके दिवशी टोपली उचलता उचलता काकी खाली बसली ती उठलीच नाही. लकवा. उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती खाटेवर पडून नुसती बघायची. काकांनी बोट पुतण्याच्या हवाली केली. मंजुळा म्हणाली, "बाबा, बाई ठेवू या कुणीतरी." काकांनी नकारार्थी मान हलवली. "तिनं मला जन्मभर कोरडं दिलं. आता माझी पाळी."

आरोग्य केंद्रातली सिस्टर येऊन त्यांना सगळं शिकवून गेली. कूस कशी बदलायची, अंग कसं पुसायचं. जाताना बजावून गेली, "काका, पाठ ओली राहता कामा नये. ह्या वयात पाठीला जखम झाली की ती भरत नाही, आणि मग तिच्यानेच माणूस जातं." काकांनी तेवढं एकच वाक्य धरून ठेवलं.

आणि पावसाळा आला. चादरी दिवसातून कितीदा बदलाव्या लागायच्या त्याला गणती नव्हती. माजघरात, पडवीत, स्वयंपाकघरात, जिथे खिळा तिथे दोरी. समुद्रावरचा वारा तो, कपड्यातलं पाणी घालवण्याऐवजी आणून भरत होता. तेव्हा काकांनी ड्रायरवरची चादर काढली, खाट माजघराच्या दाराशी ओढली, म्हणजे यंत्रापाशी बसून काकी दिसावी, आणि दिवसभर तेच चालू झालं. धुवायचं, फिरवायचं, गालाला लावायचं, अंथरायचं. मी शाळेतून आलो की भिंतीपलीकडून ती घरघर ऐकू यायची आणि बरं वाटायचं.

पाऊस ऐन भरात असताना घरघरीत खरखर मिसळली. मग चादरींच्या कडा चावल्यासारख्या फाटून यायला लागल्या, त्यांवर काळपट रेघा, आणि कितीही फिरवल्या तरी त्या दमटच. काकांच्या गालाला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. सिस्टर आली तेव्हा तिने काकीच्या पाठीवर बोराएवढा लाल डाग दाखवला. "हे वाढता कामा नये," म्हणाली. काका डागाकडे बघत राहिले.

रविवारी आम्ही यंत्र उघडलं. वायर काढली, पुढचा पत्रा सोडवला, पट्टा सरकवला आणि पिंप बाहेर काढलं. पिंपाच्या तोंडाला गोल जाड लोकरी पट्टी चिकटवलेली होती. फिरतं पिंप आणि पुढचा पत्रा यांच्यामधली फट ती बंद करते. गरम हवा आत राहते आणि कपडा फटीत अडकत नाही. ती पट्टी झिजून कागदासारखी झाली होती, एका बाजूला तर नावालाच उरली होती. काकांचा चेहरा एकदम खुलला.

"हे तर शाफ्टाचं पॅकिंग!"

बोटीच्या इंजिनाचा दांडा जिथून पाण्यात जातो तिथे दोरीचं पॅकिंग ठासून भरतात, म्हणजे पाणी आत येत नाही. त्याला वेळच्या वेळी ग्रीस द्यावं लागतं, नाहीतर ते जळतं. काकांनी आयुष्यभर ते केलं होतं. "पॅकिंग सुकलंय, बाकी काय नाय," ते म्हणाले आणि पुतण्याकडून ग्रीसचा डबा घेऊन आले.

"काका, हे हवेचं आहे, पाण्याचं नाही," मी म्हटलं.

"फिरतं ना? मग फिरणाऱ्याला ग्रीस लागतंच."

तांडेलापुढे मास्तराचं काय चालणार. त्यांनी पट्टीला बोटाबोटाने ग्रीस चोळलं, यंत्र जोडलं, आणि काकीची सगळ्यात मऊ पांढरी चादर आत टाकली. खरखर थांबली होती. काकांनी माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं. थोड्या वेळाने जळका वास यायला लागला म्हणून मी बटण बंद केलं. चादर बाहेर आली ती काळ्या चिकट पट्ट्यांनी भरलेली.

काका ती मांडीवर घेऊन बसून राहिले. गालाला लावायचा प्रश्नच नव्हता. मग म्हणाले, "हे मी तिच्या पाठीला लावलं असतं, मास्तर." आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटला.

पट्टी काढून टाकण्याशिवाय आता इलाज नव्हता. काकांनी मासळी साफ करायची सुरी घेतली आणि ती खरवडायला लागले. अर्धी निघाली असेल नसेल, तिच्याखालून पिवळट भुगा गळायला लागला आणि पडवीभर वास पसरला. जुना, खारट, ओळखीचा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलायच्या आतच खाटेवरून आवाज आला.

"बों... बील."

काकी आमच्याकडे बघत होती. अर्धा चेहरा तसाच होता आणि उरलेला अर्धा हसत होता. आजारी पडल्यापासून तिच्या तोंडून शब्द असा आलाच नव्हता. काका हातात सुरी घेऊन तसेच बसले. मग हसायला लागले, आणि हसता हसता त्या इंजिनावरच्या आवाजात रडायला लागले. मला तिथे बसवेना. मी उठून अंगणातल्या दोऱ्या उगाचच घट्ट करत राहिलो.

नवी पट्टी मात्र कुठे मिळेना. डहाणूत सगळीकडे विचारलं. एवढ्या जुन्या मशीनचे पार्ट आता येत नाहीत, नवी घ्या, हेच उत्तर. शेवटी शाळा सुटल्यावर मी घरची एसटी न पकडता उलट्या दिशेने, गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडला गेलो. नाक्यावर ट्रकांची रांग असते आणि तिच्या आसऱ्याने ट्रकच्या सीटा शिवणारे, ताडपत्री सांधणारे बसतात. त्यांतल्या एकाकडे इंजिनावर घालायचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, होता. कशाला पाहिजे ते मी सांगितलं. त्याला आधी हसू आलं. "कपडा सुकवायची मशीन? आमचे ड्रायव्हर तर बोनेटवर सुकवतात ने." मग आजारी माणसाचं सांगितलं तेव्हा गप्प झाला, गाठोड्यातून चांगला सलग तुकडा शोधून काढला आणि नीट सरळ कापून दिला. "गम लावून घाई नको करू, मास्तरसाहेब. आखी रात सुकू दे. ओल्यात फिरवली तर निघून येणार."

काकांनी या खेपेला माझं सगळं ऐकलं. आधी पिंपाच्या कडेवरचं ग्रीस साबणाने धुऊन पुसलं, जुना गम खरवडला, आणि कड गालाला लावून बघितली. उष्णतेत टिकणारा गम लावून पट्टी बसवली. तिची दोन टोकं सुती दोऱ्याने शिवली ती जाळं सांधायच्या हाताने; शिवण दिसतसुद्धा नव्हती. मग दोरीवरचे सगळे चिमटे गोळा करून पट्टीला गोलाकार लावले, सुकेपर्यंत हलू नये म्हणून.

आता नुसतं थांबायचं होतं, आणि थांबण्यासाठी कोरडी चादर शिल्लक नव्हती. इस्त्री फिरवावी तर लाईट गेलेली. मी आमच्याकडच्या आणून दिल्या, त्याही संपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकावलो तर काका उघड्या अंगाला काकीची दमट चादर गुंडाळून खाटेशेजारी बसलेले. थंडीने दात वाजत होते.

"काका, हे काय?"

"अंगाच्या उबेनं सुकते. बोटीवर आमी असंच करतो." मग काकीकडे बघून, "थांब जरा. होते तुजी."

दुपारी लाईट आली. चिमटे काढले, पिंप बसवलं, पट्टा चढवला. काकांनी आधी पिंप हाताने फिरवलं आणि कान लावून ऐकलं. खरखर नाही. बटण दाबलं. चादर बाहेर आली ती पांढरी, अख्खी, गरम. काकांनी ती गालाला लावली. डोळे मिटले. इतके दिवस मी भिंतीला भिंत लावून राहिलो, पण त्या माणसाला हळू बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

"कोरडं हाय," काकीच्या कानाशी वाकून ते म्हणाले.

पाठीवरचा डाग वाढला नाही. फिका होत होत गेला. सिस्टरने काकांच्या पाठीवर थाप मारली तर ते लाजले. नारळी पौर्णिमेला त्यांनी समुद्राला नारळ वाहिला, पुतण्याची बोट जाताना बघितली आणि लगेच घरी आले, कारण यंत्रात चादर फिरत होती. सगळा पावसाळा त्यांनी काकीला थेंबभर ओल लागू दिली नाही.

आणि काकी गेली ती हिवाळ्यात. लख्ख ऊन पडलं होतं. दोरीवर टाकलेला कपडा बघता बघता वाळत होता, ड्रायरची गरजच उरली नव्हती. जेवणाच्या वेळेला दुसरा झटका आला आणि मंजुळा उंबरगावहून पोचायच्या आत सगळं संपलं. पावसाने न्यायचं ते उन्हाने नेलं. मला त्या उन्हाचा फार राग आला. अजूनही येतो.

बायका काकीला अंघोळ घालत होत्या. काका दाराबाहेर उभे होते. लुगडं नेसवायला घेतलं तेव्हा बाहेरूनच म्हणाले, "पाठ नीट पुसा. ओली ठेवू नका." मंजुळेने आईची पाठ पुन्हा पुसली.

आमच्याकडे स्मशान किनाऱ्यालाच आहे. बायका सुरूच्या झाडांपाशी थांबल्या. चिता पेटली, आणि मग पुरुषमाणसं समुद्रात बुडी मारायला गेली. काका सगळ्यात शेवटी बाहेर आले. गुडघाभर पाण्यात आले आणि तिथेच उभे राहिले. धोतर निथळत होतं. त्यांची नजर वर वाळूकडे गेली, जिथे ती उभी असायची तिथे. जन्माची सवय ती, इतक्यात कशी जाणार.

मंजुळेने ते पाहिलं. झाडांपासून ती पुढे आली. तिच्या काखेत गाठोडं होतं. वर प्लॅस्टिकची पिशवी. पाण्याच्या कडेला येऊन तिने ते बापापुढे धरलं.

काकांनी लुंगी बाहेर काढली. गालाला लावली, डोळे मिटले. मग चितेकडे तोंड करून, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "हिरा, कोरडं हाय!"

काका थोडा वेळ चितेकडे बघत राहिले. मग त्यांनी लुंगीची नीट घडी घातली, ती परत मंजुळेच्या हातात दिली आणि तसेच ओलेत्याने घराकडे चालू लागले.